शुक्रवारचे पत्र

मराठी समीक्षकांवर माझा एक जुना राग आहे. कादंबरी झाली, कथा झाली, नवकविता झाली, बालवाङ्मयावरसुद्धा परिसंवाद झाले आणि परिसंवादानंतरची भजी झाली. पण ज्या एका वाङ्मयप्रकाराने महाराष्ट्रातल्या घराघरांत रडारड घडवून आणली, बापांचे हात उगारायला लावले आणि आयांना पदराने डोळे पुसायला लावले, त्याच्यावर निदान माझ्या तरी पाहण्यात कोणा विद्वानाने दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. हा वाङ्मयप्रकार म्हणजे प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी किंवा बाईंनी मुलांच्या घरी धाडलेला मजकूर. कोणी करत नाही, तेव्हा हे काम मीच अंगावर घ्यायचे ठरवले आहे.

तुम्ही म्हणाल, तुमचा अधिकार काय? तर या वाङ्मयात मी प्रथम विषय म्हणून आलो, मग बाप झाल्यावर वाचक झालो, आणि आता आजोबा म्हणून टीकाकार झालो आहे. एवढी सगळी पायरी चढून आलेला समीक्षक कादंबरीलासुद्धा मिळालेला नाही.

या वाङ्मयाचे पहिले युग ते शेरायुग. मी १९६१ साली दुसरीत होतो. त्या वेळी प्रगतीपुस्तक नावाची एक पातळ पुस्तिका असे. तिच्यात प्रगती कुठेही दिसत नसे, पण शेवटी ‘शेरा’ म्हणून बोटभर रुंदीची रिकामी जागा असे. आमच्या गुरुजींनी माझ्याबद्दल लिहिले होते, ‘बरा. बोलतो फार.’ बस्स. तीन शब्द. यातला ‘बरा’नंतरचा पूर्णविराम पाहा. दुसरा कोणी असता तर ‘बरा आहे, पण’ असे लिहून गेला असता. गुरुजींनी तिथे थांबून वाचकाला क्षणभर आशा दाखवली आहे आणि मग ती काढून घेतली आहे. साहित्याचा जीवनावर परिणाम होतो की नाही, यावर पुष्कळ वाद झालेले आहेत. वडिलांनी तो मजकूर वाचल्यानंतर माझ्या जीवनावर जो परिणाम झाला, तो तीन दिवस पाठ टेकू देत नव्हता.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या तीन शब्दांत मी होतो. शेजारच्या बाकावरच्या पोराच्या पुस्तकात ‘अक्षर सुधारावे’ असे होते आणि त्याचे अक्षर खरोखरच पावसात सापडलेल्या मुंगळ्यासारखे होते. गुरुजींनी शेऱ्यांची अदलाबदल केली असती तर आम्ही दोघेही ओळखू आलो नसतो.

दुसरे युग परिपत्रकाचे. हे मी बाप म्हणून भोगले. १९८८-८९च्या सुमारास आमचे चिरंजीव शाळेतून सायक्लोस्टाईल केलेला कागद घेऊन येत. त्यावर शाई इतकी पसरलेली असे की अर्धा मजकूर अंदाजानेच वाचावा लागे. ‘सर्व पालकांस कळविण्यात येते की, स्नेहसंमेलनास्तव पाल्यास मावळ्याच्या वेषात पाठविण्यात यावे.’ कोण कळवतो आहे, कोणी पाठवायचे आहे, मावळ्याचे पागोटे रात्री साडेदहा वाजता डोंबिवलीत कुठे मिळते, याचा पत्ता नाही. कर्ता नावाचा प्राणी या वाङ्मयातून संपूर्ण हद्दपार झालेला होता. मला मात्र ही शैली मनापासून आवडे. मी सरकारी कचेरीत चौतीस वर्षे टिप्पण्या लिहिल्या. ‘करण्यात यावे’वर आमचे घर चालले. ती वाक्ये वाचली की मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटे.

तिसरे युग नोंदींचे. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी आपल्याकडे ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले. हा शब्द एका दमात म्हणता आला तर त्यालाच एक श्रेणी द्यावी, असे माझे मत आहे. पण नावावर जाऊ नका. मुळातली कल्पना फार चांगली होती. मूल म्हणजे पस्तीस नव्हे की त्रेपन्न नव्हे. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहावे आणि जे दिसेल ते विषयवार लिहून ठेवावे, याला म्हणायचे वर्णनात्मक नोंद. आता गणित करा. चाळीस मुले, सहा विषय, दोन सत्रे. चारशे ऐंशी नोंदी! एवढे तर दिवाळी अंकात गाजलेल्या लेखकानेसुद्धा वर्षाला लिहिलेले नसते. साहजिकच तयार नोंदींच्या याद्या निघाल्या. बाईंनी यादीतून उचलायचे आणि मुलाच्या नावापुढे ठेवायचे. आमच्या थोरल्या नातवाच्या नोंदीत आले होते, ‘आपला परिसर स्वच्छ ठेवतो.’ ते वाचून आम्ही सगळे त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिलो. आत जाणे शक्य नव्हते.

इथपर्यंत इतिहास झाला. आता प्रस्तुत समीक्षेचा मुख्य विषय.

धाकटी नात गेल्या वर्षी दुसरीत होती. मुलगा आणि सूनबाई दोघेही सकाळी आठची लोकल धरतात, त्यामुळे शाळेच्या बाबतीत पालक मीच. वर्गाच्या व्हॉट्सॲपच्या गटात सूनबाईंनी माझे नाव घातले आणि म्हणाल्या, ‘‘बाबा, नुसतं वाचायचं हं. लिहायचं नाही.’’ सुनेचे ऐकावे असे शास्त्रात सांगितलेले नाही, आणि पुढचा अनर्थ तिथूनच सुरू झाला.

या बाई दर शुक्रवारी संध्याकाळी गटावर एक पत्र टाकीत. आठवड्यात काय झाले आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे आहे, एवढाच विषय. पहिलेच पत्र असे होते:

‘नमस्कार. या आठवड्यात जोडाक्षरे सुरु केली. क्ष सगळ्यांना आवडला. ज्ञ कोणाला फारसा आवडला नाही, पण सवय होईल. गणितात हातच्याची बेरीज चालू आहे. काल एका मुलीने विचारले, बाई, हातचा घेतल्यावर तो जातो कुठे? मला एकोणीस वर्षात हे कोणी विचारले नव्हते. सोमवारी सांगते म्हटले आहे. पुढच्या आठवड्यात काड्यांचे गठ्ठे बांधायचे आहेत. प्रत्येकाने वीस काड्या आणी दोन रबरबँड आणावे. झाडूच्या चालतील, पण घरी विचारून.’

त्या रात्री आमच्या घरी जेवणे थांबली. हातचा जातो कुठे? मी म्हटले, ‘‘हातातच राहतो. म्हणून तर हातचा.’’ मुलगा इंजिनीयर आहे. त्याने ‘‘कॅरी’’ एवढेच सांगितले आणि भात वाढून घेतला. आमची ही म्हणाली, ‘‘हातचा म्हणजे तुमच्यासारखा. घेतला खरा, पण ठेवायचा कुठे ते कळत नाही.’’ मी नातीला विचारले, ‘‘कोणी गं विचारलं असं?’’

‘‘आहे एक मुलगी,’’ ती म्हणाली आणि मग आपल्याच नादात सांगत सुटली. बाईंनी फळ्यावर हातचा कसा वरती चिमुकला लिहिला, कोणाचा हातचा पुसला गेला, कोणी रडलं, आणि मधल्या सुट्टीत कोणाच्या डब्यात काय होतं. वीस मिनिटे!

या वीस मिनिटांचे मोल ज्यांच्या घरी शाळेत जाणारे मूल आहे त्यांनाच कळेल. ‘‘आज शाळेत काय झालं?’’ या प्रश्नाला जगातले प्रत्येक मूल ‘‘काही नाही’’ असेच उत्तर देते. सकाळपासून दुपारपर्यंत चाळीस मुले, एक बाई, एक शिपाई आणि एक घंटा एका इमारतीत असतात, आणि तिथे रोज काहीही होत नाही. आमच्या नातीकडून तर जूनपासून दुसरा शब्द निघाला नव्हता. बाईंच्या पत्राने मला दाराची कडी कुठे आहे ते दाखवून दिले.

पुढच्या शुक्रवारी उत्तर आले. एककाच्या घरात फक्त नऊ सुट्या काड्या राहू शकतात. दहावी आली की गठ्ठा बांधायचा. गठ्ठ्याला एककाच्या घरात जागा नाही, म्हणून तो शेजारी दशकाच्या घरी राहायला जातो. तोच हातचा. मी पत्र दोनदा वाचले. आम्ही ‘एकं, दहं, शतं’ तालावर म्हणून पाठ केलेली माणसे. चौतीस वर्षे कचेरीत हातचे घेतले आणि एकदाही त्याला ‘बाबा रे, कुठे निघालास?’ असे विचारले नाही.

आणखी एका पत्राचा उल्लेख केल्यावाचून ही समीक्षा पुरी होणार नाही. ‘काही मुले बहात्तर सांगितले की २७ लिहितात. रागावू नका. बोलताना दोन आधी ऐकू येतो आणी लिहिताना सात आधी लिहावा लागतो. एकोणतीसला तर तीस ऐकू येतात, म्हणून ३९ लिहितात. मूल ऐकते तसे लिहिते. तुम्हीही एकदा हळू म्हणून बघा.’ मी हळू म्हणून बघितले आणि खजील झालो. २०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तर दोन’ असे वाचायला सांगितल्यावरून सगळ्या महाराष्ट्रात गदारोळ उठला होता, तेव्हा मी बाकावर बसून जे भाषण ठोकले त्याला नाना-नानी पार्कात टाळ्या पडल्या होत्या. मराठी बुडाली, असे मी म्हणालो होतो. त्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर मुलांचे हेच अडखळणे समजावून सांगत होत्या, पण आमच्या बाकाला तेव्हा ऐकायला फुरसत नव्हती. बहात्तर मला आजही बहात्तरच गोड वाटतो. पण तो एका सात वर्षांच्या पोराच्या कानात कसा शिरतो, याचा विचार त्या भाषणात नव्हता.

एवढे चांगले चालले होते. पण टीकाकाराला चांगले चाललेले फार दिवस सोसत नाही. तुमच्याही लक्षात आले असेल, बाईंचा ‘आणी’ दीर्घ होता. ‘सुरु’ ऱ्हस्व होता. ‘वर्षात’वर अनुस्वार नव्हता. तीन शुक्रवार मी दात-ओठ आवळून बसलो. चौथ्या शुक्रवारी माझ्यातला निवृत्त अधीक्षक उठला. मी गटावर लिहिले, ‘बाई, एक नम्र सूचना. आणि हा शब्द ऱ्हस्व आहे. सुरू दीर्घ आहे. शिक्षकांकडूनच असे झाले तर मुलांनी कोणाकडे पाहावे? राग नसावा.’ ‘राग नसावा’ हे आमच्या टिप्पणीतले वाक्य. खाली सही करणाऱ्याला राग आणण्यासाठी ते वापरीत असत.

अकरा जणांनी अंगठे वर केले. मला साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर बसल्यासारखे वाटले. मग इतरांना कंठ फुटला. एक गृहस्थ म्हणाले, गमतीजमती पुरेत, पोर्शन किती झाला ते कळवा. एक बाई म्हणाल्या, शेजारच्या शाळेत तिसरा धडा झाला, आपला दुसराच का? तिसऱ्याने काड्यांऐवजी विकतचे साहित्य का आणत नाही, असे विचारले. बाईंनी सगळ्यांच्या खाली लिहिले, ‘धन्यवाद. सुधारणा करते.’

केली. पुढच्या शुक्रवारचे पत्र असे:

‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान या उद्दिष्टांतर्गत निर्धारित अध्ययन निष्पत्ती साध्य करण्याच्या दृष्टीने या आठवड्यात विविध आनंददायी उपक्रमांचे आयोजन करण्यात आले. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त सहभाग नोंदविला. पालकांनी सहकार्य करावे.’

पायाभूत साक्षरतेला माझा विरोध नाही. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी गणिते करता यावीत, यासाठी २०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ सुरू केले. याहून निकडीचे काम मला तरी दिसत नाही. पण हे पत्र! एकही चूक नाही. ऱ्हस्व ऱ्हस्वाच्या जागी, दीर्घ दीर्घाच्या जागी. कर्ता पुन्हा हद्दपार. मी स्वतः लिहिले असते तर असेच लिहिले असते. मी मोठ्या समाधानाने जेवायला बसलो आणि नातीला विचारले, ‘‘काय गं, आज शाळेत काय झालं?’’

‘‘काही नाही.’’

मी पत्राचा आधार घेतला. ‘‘अगं, तुमची अध्ययन निष्पत्ती झाली म्हणे.’’

‘‘मला नाही झाली,’’ ती म्हणाली. ‘‘मला सर्दी झालीय.’’

सगळे हसले. मीही हसलो. पण पुढचे पाच शुक्रवार तशीच पत्रे आली. उत्स्फूर्त सहभाग दर आठवड्याला नोंदवला गेला आणि आमच्या ताटांभोवती दर आठवड्याला ‘काही नाही’ झाले. माझ्याकडे विचारायलाच काही उरले नव्हते. ‘उपक्रम आनंददायी होता का गं?’ असे कोणत्या आजोबाने विचारायचे? पोर मान खाली घालून जेवे आणि उठून जाई. शेवटी आमची ही म्हणाली, ‘‘बाईंना शुद्ध केलंत. आता बसा.’’

डिसेंबरातल्या पालकसभेला मी गेलो. खुर्च्या दुसरीच्या मापाच्या. गुडघे हनुवटीला लागलेले अशा अवस्थेत माणसाला अहंकार फार काळ टिकवता येत नाही, हे शाळांना ठाऊक असावे. सगळे पांगल्यावर मी बाईंकडे गेलो. ‘‘बाई,’’ मी म्हटले, ‘‘तुमची ती पहिली पत्रं...’’

‘‘हो आजोबा, चुका फार व्हायच्या. मी परतीच्या लोकलमध्ये उभ्यानं लिहायची ना. एका हातात वरची कडी. ऱ्हस्व-दीर्घ माझं पहिल्यापासून कच्चंच आहे. आता एक तयार नमुना मिळालाय, तो टाकते.’’ बाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

‘‘त्या चुका परत पाठवा,’’ मी म्हटले. मला दुसरे काही सुचेना. ‘‘म्हणजे तसं नाही. पण त्या पत्रांत मुलं होती हो. आता कोणीच नाही.’’

बाई हसल्या. मी धीर करून विचारले, ‘‘तुम्ही मुलांची नावं का घालत नव्हता?’’

‘‘नाव घातलं तर ते एका घरचं पत्र होतं. नाही घातलं की प्रत्येक घरी वाटतं, आपलंच असेल.’’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘‘पण तुमच्या घरी एक पत्र खरंच तुमचंच होतं. हातचा कुठे जातो, ते तुमच्या नातीनं विचारलेलं.’’

मी लहान खुर्चीवर पुन्हा बसलो.

‘‘जूनपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं तिनं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पहिल्यांदा बोलली ती हे. म्हणून तर मी त्या दिवशी पत्र लिहायला लागले. त्याच्याआधी मीसुद्धा नमुनाच पाठवायची, आधीच्या वर्षांत.’’

म्हणजे बघा. पोर दोन महिन्यांनी बोलली, बाईंनी ते ऐकले, लोकलमध्ये लोंबकळत आमच्यापर्यंत पोचवले आणि आमच्या टेबलावर ते येऊन पडले तेव्हा मी ‘‘कोणी गं विचारलं?’’ म्हणून तिलाच विचारले. आणि नंतर त्या पत्राचा ‘आणी’ दुरुस्त केला. माझ्या गुरुजींनी १९६१ साली ‘बोलतो फार’ लिहिले होते. ते खोटे ठरवायला साठांहून जास्त वर्षे गेली नाहीत. मी जन्मभर नको तिथेच बोलत आलो.

घरी येऊन मी गटावर लिहिले. सूनबाईंची परवानगी काढून. ‘मागील सूचना मागे घेत आहे. बाईंची पहिली पत्रे मला फार आवडत. ती पुन्हा यावीत.’ या वेळी अंगठे चारच आले. पण सात-आठ आयांनी लिहिले की आमच्याही घरी त्या पत्रांवरच मूल बोलायचे. एकीने लिहिले, आमचा तर बहात्तरवाला होता. दुसरीने लिहिले, नाही हो, तो आमचा! बहात्तरवाली तीन घरे निघाली. पोर्शनवाले गृहस्थ मात्र अजून पोर्शनच विचारत होते. जे पाल्य ‘काही नाही’ म्हणते त्याचे पालक दुसरे काय विचारणार?

टीकाकाराने शेवटी निष्कर्ष काढायचा असतो, तेव्हा काढतो. गुरुजींच्या शेऱ्यात मूल होते, पण त्याला मार बसे. परिपत्रकात कोणीच नव्हते. नोंदींत प्रत्येक मूल असायला हवे होते, पण चारशे ऐंशीच्या गर्दीत ते हरवले. त्यात बाईंचा दोष कमी आणि गणिताचा जास्त. या वाङ्मयाची माझी कसोटी आता एकच आहे. पत्र वाचून रात्री जेवताना मुलाला विचारण्यासारखे काही मिळाले, तर ते पत्र चांगले. ही कसोटी मला कोणा साहित्यशास्त्रज्ञाने दिलेली नाही. सर्दी झालेल्या एका पोरीने दिली.

नंतरच्या शुक्रवारी सव्वासहाला फोन वाजला. ‘नमस्कार. या आठवड्यात वजाबाकीत उसने घेणे चालू केले. एकाने विचारले, बाई, उसने घेतलेले परत कधी द्यायचे? सगळे हसले, पण मला प्रश्न बरोबर वाटला. सोमवारी बघू. पुढच्या आठवड्यात चिंचोके आणी एक डबी पाठवावी.’

आमची ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. ‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘तो ‘आणी’ दिसला का?’’

‘‘दिसला,’’ मी म्हटले. ‘‘हातचा धरलाय.’’ आणि चिंचोके शोधायला फडताळाकडे गेलो.